बैलाचे दात बघतो, मग पान्याचं तोंड का नाही?



आज पिकावर लिहायचं नाही. पाऊस उघडीप द्यायला तयार नाही, काळ्या रानात पाय ठेवता येत नाही, फवारणी तर लांबच राहिली. म्हणून सकाळपासून पडवीत गाडी खोलून बसलोय. गाडी म्हणजे मोटारसायकल. बसल्या बसल्या जे डोक्यात आलं ते लिहितो. लांबण लागेल, पण कामाचं आहे. सवडीनं वाचा.

आधी माझी चूक सांगतो, मग शहाणपण.

गेल्या खरिपात सोयाबीन काढणीच्या आधी माझ्या गाडीची चेन ढिली झाली होती. कव्हरला लागून खळखळ वाजायची. मला कळत होतं. चेन ताणायची म्हणजे मागच्या चाकाचा मोठा नट सोडायचा, दोन्ही बाजूची ॲडजस्टर सारखी फिरवायची आणि नट परत आवळायचा. वीस मिनिटांचं काम. घरात पाना कोणता होता? पाणी फिटिंगसाठी आणलेला, तोंड कमीजास्त होणारा स्क्रू पाना. तो नटाला लावला, जोर दिला, पाना सटकला. बोटांची सालपटं निघाली आणि नटाचे कोपरे मोडले. दुसऱ्यांदा लावला तर आणखी गोल झाला. रागानं पाना फेकला आणि म्हणालो, "उद्या मिस्त्रीकडं नेऊ."

तो उद्या तीन आठवडे आला नाही. मिस्त्री नऊ किलोमीटरवर. आज मळणी यंत्राचा नंबर, उद्या मजूर, परवा बाजार. आवाज रोज ऐकायचो आणि रोज पुढं ढकलायचो.

एका संध्याकाळी अहमदपूरहून लोह्याकडं परत येत होतो. मागं कारभारीण बसलेली, मांडीवर किराण्याची पिशवी. चेन उतरली आणि अडकली. मागचं चाक जागेवर जाम. गाडी फरफटत आडवी झाली. मला खरचटण्यावर निभावलं. तिच्या मनगटाचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय. ऐन सुगीत तिचा हात दीड महिना प्लास्टरमध्ये. पैसा गेला, काम गेलं, ते भरून निघतं. पण ती रात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

नंतर मिस्त्रीनं तो नट छन्नी-हातोडीनं फोडून काढला. काढता काढता एकच विचारलं, "मामा, चेन ढिली हाय हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मंग?"

त्या "मंग"ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आज आहे. चुकीच्या पान्यानं नट तर बिघडलाच, त्याहून जास्त माझी हिंमत बिघडली. एकदा हात सोलला, नट गोल झाला की माणूस त्या कामाला हातच लावत नाही. आळस म्हणतात त्याला, पण निम्म्या वेळा तो आळस नसतो, हाताशी नीट हत्यार नसतं. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळा त्याचाच विस्तार.

आपण विसरायला शिकलो

आमच्या वडिलांच्या पिढीत ज्यांच्याकडं राजदूत होती, त्यांच्या खिशात जादा प्लग आणि प्लग पाना असायचाच. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलातच ऑईल मिसळायचं, प्लग काळा पडायचा. रस्त्यात थांबून प्लग काढायचा, घासायचा, परत लावायचा. ते सगळ्यांना यायचं, कारण त्याशिवाय घर गाठता येत नसे.

१९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. फोर-स्ट्रोक, कमी पेट्रोल पिणारी, सहसा न रुसणारी. पेट्रोल टाका आणि विसरून जा, असाच त्या काळच्या जाहिरातीचा सूर होता. आपण खरंच विसरलो. गाडी चांगली निघाली, पण आपला हात मोडला. म्हणून आज गावात शंभर गाड्या असल्या तरी १७ नंबरचा धड पाना दहा घरांत सापडणार नाही.

आणि ही गाडी काय काम करते ते बघा. दूध डेअरीला, ४५ किलोची युरियाची गोणी रानात, फवारणी पंप, मजुराचा डबा, पोरीला एसटी स्टँडवर, आजारी माणूस दवाखान्यात. ट्रॅक्टर वर्षातून मोजके दिवस चालतो, ही रोज चालते. तरी तिला आपण शेतीचं अवजार म्हणत नाही. महाडीबीटीवर रोटाव्हेटर आहे, पेरणी यंत्र आहे. पान्याला अनुदान नाही आणि आपण मागायचंही नाही. थोडक्या पैशांत काम भागतं.

मोठी पेटी घेऊ नका

अपघातानंतर मी दुसरी चूक केली. आठवडी बाजारातून छत्तीस की चाळीस नगांची चकचकीत पेटी आणली. प्लास्टिकची डबी, आत ओळीनं गोट्या, रॅचेट, दहा-बारा टोकं. पैसे कमी, नग जास्त. बरं वाटलं. पहिल्यांदा ऑईल बदलायला खालचा १७ चा बोल्ट सोडायला गेलो, तर गोटीच उभी चिरली. चाळीसातले तीस नग माझ्या गाडीला लागतच नाहीत आणि लागतात त्यांच्यात दम नाही.

आता विचार करा. माळेगावच्या यात्रेत आपण जनावर कसं घेतो? देवणी असो की लाल कंधारी, आधी दात बघतो, खूर बघतो, खांद्यावरून हात फिरवतो, चालवून बघतो. खुरपं घेतलं तरी लोहाराच्या पुढ्यात उभं राहून धार अंगठ्यावर बघतो. आणि पाना? पुडक्यात बांधलेला, उघडूनही न बघता घेतो. जनावराचे दात मोजणारी माणसं आपण, पान्याचं तोंड बघायला काय झालं?

आधी गाडी मोजा, मग दुकानात जा

नवीन माणसानं पहिलं काम खरेदीचं करू नये. वही घ्यावी आणि गाडीभोवती फिरावं. पुढच्या वेळी मिस्त्रीकडं सर्व्हिसिंगला गाडी लावली की चहाला जाऊ नका, शेजारी बसा. तो कोणत्या नटाला कोणता नंबर लावतो ते लिहून घ्या. माझ्या १०० सीसी गाडीचा हिशोब असा निघाला: बारीक बोल्ट ८ आणि १० चे, काही १२ आणि १४ चे, ऑईलचा बोल्ट १७ चा, मागच्या चाकाचा नट १९ चा, प्लगला १६ चा. तुमची गाडी वेगळी असली तर आकडे बदलतील. म्हणून माझी यादी उचलू नका, रीत उचला.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. ८ मिमी जाडीच्या एकाच बोल्टाला जपानी पद्धतीत डोकं १२ चं असतं आणि दुसऱ्या पद्धतीत १३ चं. म्हणून एका गाडीला बसलेला पाना शेजाऱ्याच्या गाडीला बसेलच असं नाही.

ट्रॅक्टरच्या पेटीतले पाने तर अजिबात लावू नका. जुन्या ट्रॅक्टरच्या पेटीत बरेचदा इंचाचे पाने निघतात. नऊ सोळांशाचा पाना म्हणजे १४.३ मिमी. तो १४ च्या बोल्टावर बसल्यासारखा वाटतो, पण ढिला असतो. चार सुती म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. तो १२ च्या बोल्टावर गरागरा फिरतो. एवढीशी फट पुरते. जोर दिला की पाना सपाट बाजू सोडून कोपऱ्यावर चढतो आणि बोल्ट गोल होतो. बोल्ट गोल होण्यात गंजाचा वाटा थोडा, या फटीचा जास्त.

मी काय काय घेतलं

लातूरला गंजगोलाईत गेलो होतो, सोळा रस्ते जिथं एकत्र येतात तिथं. त्या भागात दोन-तीन हार्डवेअरची दुकानं फिरलो, घाई केली नाही. पुढं लिहितोय ते माझं सामान, आणि ते का घेतलं ते.

१) रिंग पाने: १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७ आणि १८-१९. रिंग नटाला चहूबाजूंनी धरते, सगळ्या कोपऱ्यांवर जोर वाटला जातो. उघड्या तोंडाचा पाना फक्त दोन बाजू धरतो. घट्ट नट सोडायचा असेल तर कायम रिंग. माझा तो चाकाचा नट १९ च्या रिंगनं दोन झटक्यांत सुटला असता.

२) उघड्या तोंडाचे पाने, दोनच: ८-९ आणि १०-११. हे कशाला? क्लच वायरच्या ॲडजस्टरमधून वायर आरपार गेलेली असते, तिथं रिंग वरून घालताच येत नाही. तिथं उघडा पाना लागतो. हलकं काम असतं, जोर लागत नाही.

३) टी पाना: ८ आणि १० चा. बारीक बोल्ट पटापट निघतात. घेताना आत डोकावून बघा, आतून सहा कोनांचा घ्या. बारा कोनांचा लवकर सटकतो.

४) प्लग पाना. बहुतेक १००-१२५ सीसी गाड्यांना १६ चा चालतो. आधी सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरात कंपनीनं दिलेली थैली बघा. त्यात हा असतो. नसला तर गाडी सेकंडहँड घेताना कुणीतरी काढून ठेवलाय समजा.

५) स्क्रू ड्रायव्हर, टोक उलटं करता येणारा, एका बाजूला फुली आणि एका बाजूला चपटा. फुलीचं टोक २ नंबरचं. स्क्रूच्या खाचेत टोक गच्च बसलं पाहिजे. फिरवताना जोर फिरवण्यात कमी आणि दाबण्यात जास्त द्यायचा, नाहीतर खाच घासली जाते.

६) पक्कड. वायर, स्प्लिट पिन, क्लिप यांच्यासाठी. नटाला पक्कड लावणारा माणूस आणि उभ्या पिकात गुरं सोडणारा माणूस सारखाच.

७) हवेचा गेज. ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. माझ्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय: पुढं २५, मागं एकट्याला २८ आणि डबलसीट ४१ पीएसआय. म्हणजे मागं माणूस किंवा गोणी असली की हवा जवळजवळ दीडपट. आपण अंगठ्यानं दाबून "हाय हवा" म्हणतो. अंगठ्याला २८ आणि ४१ मधला फरक कळत नाही. गोणी टाकल्यावर गाडी डुलते ती याच्यामुळं.

८) पायपंप आणि पंक्चरचं सामान. ट्यूबलेस असेल तर पट्टीचा किट, ट्यूब असेल तर निदान पंप. हळू गळणारी हवा भरून गाव तरी गाठता येतं.

याशिवाय जुना टूथब्रश, फडकं, नट ठेवायला ताटली. आणि नववी वस्तू तुमच्या घरात आधीच आहे: खुरपं. काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये बसली की चाक फिरत नाही, आपण रेस देतो आणि क्लच प्लेटा जळतात. जुनं, बोथट खुरपं गाडीला अडकवून ठेवा. पांदण रस्त्यावर त्याच्याइतकं कामाचं हत्यार दुसरं नाही.

स्क्रू पाना या यादीत नाही. मुद्दाम नाही.

दुकानात काय बघायचं

मिस्त्रीकडून १०, १४, १७ आणि १९ चे भंगारातले पण कोपरे शाबूत असलेले नट मागून घ्या. तारेत ओवा, खिशात टाका. दुकानात पाना हातात घेतला की त्यावर नट बसवून हलवून बघा. थोडी हालचाल चालते. खुळखुळ वाजला तर खाली ठेवा. दुकानदार हसला तर हसू द्या, जनावराचे दात बघताना व्यापारीही हसतो.

पान्यावर कंपनीचं नाव आणि नंबर खोल, स्वच्छ उमटलेला असावा. क्रोम व्हॅनेडियम पोलाद असेल तर बहुतेक तसं कोरलेलं असतं. पृष्ठभागावर वाळूसारखे खड्डे किंवा मधोमध ओबडधोबड सांधा दिसला तर तो ओतीव माल समजावा, जोर दिला की तुटतो. चकाकीवर जाऊ नका. घडवलेल्या पोलादाचा पाना साधा दिसतो आणि पोरांच्या हातात जातो. आपल्याच राज्यात नाशिकला सातपूरमध्ये टापारियाचा कारखाना आहे, बहुतेक मिस्त्र्यांच्या पेटीत त्यांचे पाने दिसतात. त्याच कंपनीचे घ्या असा माझा आग्रह नाही. नाव असलेल्या कोणत्याही कंपनीचे घ्या, पक्कं बिल घ्या. एकदम सगळे घेणं जमत नसेल तर महिन्याला एक घ्या, पण चांगला घ्या.

जोर किती द्यायचा

आपल्या हातात पहारीचा जोर आहे. तोच इथं घात करतो. डोकं १० चं असलेला बोल्ट आतून फक्त ६ मिमी जाडीचा असतो आणि इंजिनवर तो ॲल्युमिनियमच्या आट्यात बसलेला असतो. त्याला साधारण १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. आपल्या भाषेत सांगतो: बारा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला आठ-साडेआठ किलो जोर. १६ लिटरचा फवारणी पंप निम्मा भरला की त्यातल्या पाण्याचं वजन जेवढं, तेवढाच. त्यापुढं ओढलं की आटे जातात, आणि आटे गेले की पन्नास रुपयांचं काम पाचशेवर जातं.

बोल्ट आधी हातानं, बोटांनी फिरवून बसवा. पहिले तीन-चार फेरे बोटांनी गेले पाहिजेत. अडला तर वाकडा चाललाय, परत काढा. पाना शेवटी. आणि पाना नेहमी स्वतःकडं ओढा, ढकलू नका. ढकलताना सटकला की बोटं इंजिनवर आपटतात. गंजलेला नट असेल तर आदल्या रात्री दोन थेंब डिझेल टाकून ठेवा. सकाळी निम्मा जोर लागतो.

कोणती कामं घरी, कोणती नाही

घरी करायची: चेन साफ करणं आणि ताणणं, ब्रेक आणि क्लचचा खेळ लावणं, प्लग बघणं, ऑईल बदलणं, हवा बघणं, नट ढिले झालेत का ते बघणं. महिन्यातून एक सकाळ.

चेनचा ढिलेपणा मधोमध बोटानं वरखाली करून मोजा. साधारण दोन ते तीन सेंटिमीटर असावा, तुमच्या गाडीचा नक्की आकडा पुस्तकात असतो. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि हे बरेच जण विसरतात: चेन ताणली म्हणजे चाक मागं सरकलं, म्हणजे मागच्या ड्रम ब्रेकचा खेळ बदलला. तो परत लावायचा, मगच गाडी रस्त्यावर.

चेन साफ करताना इंजिन बंद. गियर न्यूट्रल, मेन स्टँड, चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू ठेवून फडकं धरणाऱ्यांची बोटं चेनमध्ये जातात. फडकं ओढलं जातं, फडक्याबरोबर हात. पोरांना हे पहिलं शिकवा.

ऑईलचं एक सांगतो. ट्रॅक्टरच्या गियरचं ९० नंबरचं तेल उरलं असेल तर ते चेनला चालतं. पण ट्रॅक्टरच्या इंजिनचं उरलेलं ऑईल मोटारसायकलीच्या इंजिनात टाकू नका. आपल्या गाडीचा क्लच त्याच ऑईलात बुडालेला असतो, चुकीच्या ऑईलानं तो घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा. माप आणि ग्रेड पुस्तकातला. काढलेलं काळं ऑईल बांधावर, नाल्यात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या. माती आपलीच आहे.

एअर फिल्टर कागदी, तेलकट असेल तर धुवायचा नाही, हवा मारायची नाही. मुदत झाली की बदलायचा.

न करायची कामं: डिस्क ब्रेक, पुढचे शॉकअप, बेअरिंग, इंजिनच्या आतलं काहीही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, आपल्या रोजच्या बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. तिथं स्क्रू फिरवून ॲव्हरेज वाढवायचे दिवस संपले. वायर ओढाओढी करू नका. वॉरंटीत गाडी असेल तर कंपनीच्या सर्व्हिसिंगची तारीख चुकवू नका.

"मिस्त्रीच्या पोटावर पाय का?"

हे मला दोघा-तिघांनी विचारलं. मी आमच्या मिस्त्रीलाच विचारलं. तो म्हणाला, "मामा, चेन ताणायला येणाऱ्या माणसावर माझं घर चालत नाही. लोकं इंजिन जाम करून आणतात तेव्हा मला बी वाईट वाटतंय." त्याचं खरं काम त्याच्याकडंच जाणार आहे. आपण फक्त वेळेवर बघायचं.

दुसरा सवाल, पन्नास रुपयांत होतंय तर कशाला हात काळे करायचे? गाव रस्त्यावर असेल, चौकात गॅरेज असेल, तर बरोबर आहे. पण ज्याच्या गावातून मिस्त्री नऊ किलोमीटर लांब आहे, त्याला तिथं न्यायला तीच गाडी लागते, जिची चेन ढिली आहे. पन्नास रुपये मोजताना हे नऊ किलोमीटर आपण मोजत नाही.

सहाय्यक कृषी अधिकारी आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या मंडळींनाही एक विनंती. तुम्हीही दिवसभर दुचाकीवर या गावाहून त्या गावाला असता, तुमच्याही चेनचा आवाज आम्हाला येतो. शेतीशाळेत आपण पंपाचं नोझल खोलून दाखवता, पेरणी यंत्राचं माप लावून दाखवता. त्यातच एक तास मोटारसायकलीला द्या. एक गाडी उभी करा, आठ हत्यारं मांडा, चेन ताणून दाखवा. बायांनाही बोलवा, पोरींनाही. ज्या घरात गाडी, त्या घरातल्या प्रत्येकाला हवा आणि चेन बघता आली पाहिजे.

शेवटचं, पाने ठेवायचे कुठं? खताच्या गोणीजवळ नाही. युरिया ओल ओढतो, खताच्या खारानं लोखंड गंजतं. ऑईलच्या फडक्यात गुंडाळून जाड कापडाच्या थैलीत ठेवा. माझी थैली कारभारणीनं जुन्या जीनच्या पायाची शिवून दिलीय, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा. कोणता पाना परत आला नाही ते लगेच दिसतं. पुतण्या नेतो आणि विसरतो, म्हणून.

तिचं मनगट आता बरं आहे. थंडीत दुखतं थोडं. पण एक सवय लागलीय तिला. कुठं जायचं असलं की गाडीवर बसायच्या आधी वाकते, चेन कव्हरच्या भोकातून काडीनं चेन दाबून बघते आणि मग विचारते, "बसू का?"

मी पण आता तिनं बघितल्याशिवाय किक मारत नाही.